कॉसमॉस ४९६ आणि कॉसमॉस ५७३: दोन रिकाम्या सोयूझ, दोन वेगळे प्रश्न

मानवरहित चाचण्यांना सोव्हिएत संघ ‘कॉसमॉस’ हे सरसकट नाव आणि पुढचा क्रमांक चिकटवून मोकळा व्हायचा. टेहळणी उपग्रहही कॉसमॉस, माणसं नेणारं सोयूझ यान रिकामं उडवलं तर तेही कॉसमॉस. त्यामुळे ४९६ आणि ५७३ या दोन्हींपुढे ‘सुधारित सोयूझची चाचणी’ एवढंच वाचलं की दुसरी म्हणजे पहिलीचीच उजळणी वाटते. तशी ती नव्हती.

दोन्हींचं मूळ मात्र एकच. ३० जून १९७१ रोजी सोयूझ ११ परतताना यानाचे भाग सुटे झाले आणि त्या धक्क्याने दाब समतोल करणारी झडप उघडली. ती उघडायला हवी होती जमिनीजवळ; उघडली सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर. यानातली हवा निघून गेली. दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह या अंतराळवीरांच्या अंगावर दाबपोशाख (अंगाभोवती हवेचा दाब टिकवणारे पोशाख) नव्हते. तिघंही दगावले. पुढच्या रचनेत ‘सोकोल’ नावाचे दाबपोशाख सक्तीचे झाले. पोशाख आणि त्यांना लागणाऱ्या प्राणवायूच्या यंत्रणेसाठी तिसरं आसन गेलं.

कॉसमॉस ४९६ ही या नव्या रचनेची पहिली परीक्षा. २६ जून १९७२ ला उड्डाण, २ जुलैला परत. या यानाला जुन्या सोयूझसारखे उन्हापासून वीज बनवणारे सौर पंख होते, म्हणून सहा दिवस कक्षेत राहणं त्याला जड गेलं नाही. प्रश्न अपघाताचा होता: बदललेलं यान माणसं सुखरूप परत आणेल का?

उत्तर ठीक आलं, पण जायचं कुठे? सोयूझने जिथे जायचं ते नवं सॅल्यूत अंतराळस्थानक २९ जुलै १९७२ ला प्रक्षेपणातच गेलं. १९७३ मध्ये सॅल्यूत २ आणि पाठोपाठ कॉसमॉस ५५७ या नावाखाली दडवलेलं स्थानकही हातचं गेलं.

१५ जून १९७३ ला उडालेल्या कॉसमॉस ५७३ वर पंखच नव्हते. नुसत्या बॅटऱ्या, दोन दिवस पुरतील एवढ्या; १७ जूनला यान खाली. माझ्या मते खरा वेगळेपणा इथे आहे. ही चाचणी सुरक्षिततेपेक्षा कामाच्या स्वरूपाची होती: स्थानकापर्यंत न्यायचं, तिथून परत आणायचं, स्वतंत्र मुक्काम नाही. वजन वाचलं, वेळेची मोकळीक गेली. सप्टेंबरात लाझारेव्ह आणि माकारोव्ह यांची सोयूझ १२ याच रूपात दोन दिवस फिरून आली. (डिसेंबरातल्या सोयूझ १३ ला आठवडाभर एकटीने राहायचं होतं, म्हणून तिला पुन्हा पंख.)

वेळेच्या त्या तुटवड्याची किंमत ऑगस्ट १९७४ मध्ये दिसली. सोयूझ १५ ची सॅल्यूत ३ शी स्वयंचलित जोडणी जमेना. बॅटऱ्या संपत आलेल्या, आणखी प्रयत्नांना वाव नाही. सराफानोव्ह आणि द्योमिन यांना दोन दिवसांतच, रात्रीच्या अंधारात उतरावं लागलं.