सगळं मातीत की सगळं नदीत: इंदूरच्या वाढीची पार्श्वभूमी

इंदूरच्या राजवाड्यापासून थोडं चालत गेलं की कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लागतात. होळकरांच्या या स्मारकांच्या पायथ्याशी खान नदी आहे. सरकारी कागदांवर आता तिला कान्ह म्हणतात. पुण्याहून आलेले पाहुणे छत्र्यांचं कोरीवकाम बघून झालं की खाली वाकतात आणि विचारतात, हा नाला कुठला? ही आमची नदी आहे, हे सांगताना दर वेळी जीव कासावीस होतो.

हेच शहर २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे इथल्या शाळकरी पोरांनाही शिकवावं लागत नाही आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. मग रस्ते लख्ख आणि नदी अशी, हे कसं झालं? त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

इंदूर वाढलं ते खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठाने. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली आणि इंग्रजांची रेसिडेन्सीही, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीचं ठाणं. पश्चिमेला राजवाड्याभोवतीची दाट वस्ती आणि पूर्वेला रेसिडेन्सीचा झाडांनी भरलेला ऐसपैस भाग, ही विभागणी तेव्हाची. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७०मध्ये रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, १०१ वर्षांच्या मुदतीने. रेल्वे आली, कापडगिरण्या वाढल्या, मजूर आले. राहायच्या जागा मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. दाटी वाढली, उंदीर वाढले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला.

तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने तेव्हा पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. हा स्कॉटलंडचा माणूस शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ होता आणि शहराकडेही तो जिवंत प्राण्यासारखं बघायचा. एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ समजल्या जाणाऱ्या वस्तीत त्याने स्वतः संसार मांडला होता आणि सरसकट पाडापाडी न करता तिथली घरं सुधारून दाखवली होती. १९१४मध्ये तो नगररचनेचं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यायला निघाला, तर सामानाचं जहाज जर्मनांच्या एमडेन या युद्धनौकेने बुडवलं. त्याने नवे नकाशे आणि चित्रं गोळा करून प्रदर्शन उभं केलंच.

इंदुरात तो नकाशा घेऊन गल्लोगल्ली पायी हिंडायचा. लोक घाबरून बघत, कारण नकाशावाला साहेब आला म्हणजे घरं पाडायला आला, एवढीच तेव्हाची ओळख. त्यावर त्याने काढलेला उपाय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. १९१७च्या दिवाळीत मोठी मिरवणूक काढायची असं त्याने ठरवलं आणि दवंडी पिटवली की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्यांनी घरं झाडून, डागडुजी करून, रंगवून ठेवली असतील त्यांतून जाईल. शहर कामाला लागलं. गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत रोगराईचा रावणासारखा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. आणि सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, नवे झाडू घेऊन, गळ्यात हार घालून मानाने चालले होते. शेवटी राक्षस जाळला. ज्या माणसांना एरवी लोक अंगणाबाहेर उभं करत, त्यांना सणाच्या मिरवणुकीत हार घालणं ही १९१७मध्ये लहान गोष्ट नव्हती.

१९१८मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल आला. जुन्या वस्तीतून सरळसोट रस्ता फाडत नेण्याला त्याचा विरोध होता. एखादं पडकं घर काढा, तिथे झाड लावा, चौक मोकळा करा, बाकी गल्ली राहू द्या, असा त्याचा आग्रह. खर्चीक भुयारी गटारांच्या योजनेवरही त्याने कडक टीका केली. युरोपाने सगळं गटारात सोडलं, इथल्या शेतकऱ्याची रीत मात्र सगळं मातीत घालण्याची आहे आणि तीच शहाणपणाची, हे त्याचं म्हणणं. नदी त्याच्या आराखड्यात शहराचा कणा होती. दोन्ही काठांना बागा, माणसांना बसायला, फिरायला.

यातली मातीची गोष्ट इंदुरातच पुढे गेली. १९२४मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू केली आणि काडीकचरा, शेण, राख, गोठ्यातली माती यांचे थर रचून, खालीवर करून खत करण्याची कृती बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते.

शहराची वाढ मात्र दुसऱ्या वाटेने झाली. १९७७मध्ये विकास प्राधिकरण आलं. जमीन घ्यायची, रस्ते आखायचे, प्लॉट पाडून विकायचे आणि योजनेला आकडा द्यायचा. म्हणून आजही इंदुरी माणूस पत्ता सांगतो तो स्कीम नंबर ५४, नाहीतर ७८. या योजनांनी हजारो मध्यमवर्गीय घरांना छप्पर दिलं, हे विसरून चालणार नाही. पण कागदावर आधी प्लॉट आणि रस्ता आला. पाण्याचा उतार कुठे आहे, ओढा कुठून जातो, हे मागे राहिलं.

आणि १९७८मध्ये नर्मदेचं पाणी आलं. सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढवून. ज्यांनी त्याआधीची टंचाई सोसली त्यांना त्या पाण्याचं मोल विचारावं. पण घरात जेवढं पाणी येतं त्यातलं बहुतेक सांडपाणी होऊन बाहेर पडतं, आणि त्या पाण्याला वाट काढून देण्याचं काम नळाच्या वेगाने झालं नाही. त्याने आपली वाट शोधली: ओढा, मग खान, मग उज्जैनजवळ क्षिप्रा. २०११च्या जनगणनेत शहर १९ लाख ६४ हजारांवर पोचलं होतं. २०१६च्या सिंहस्थात तर कान्हचं पाणी स्नानाच्या घाटांपर्यंत पोचू नये म्हणून पाइपातून वळसा घालून पुढे सोडावं लागलं.

गेल्या काही वर्षांत नदीत थेट उघडणारी घरांच्या सांडपाण्याची तोंडं हजारोंनी बंद करून गटारवाहिन्यांना जोडली गेली. २०२१मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणारं शहर असं सरकारी प्रमाणपत्र मिळालं. देवगुराडियाला कचऱ्याचे डोंगर होते, तिथे २०२२पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस आणि खत काढण्याच्या क्षमतेचा प्रकल्प आहे. म्हणजे कचरा मातीकडे वळला. नदी मात्र अजून नाल्यासारखीच दिसते.

‘इंदूर विकास आराखडा २०२१’ हा शहराचा आराखडा २००८मध्ये लागू झाला होता आणि त्याची मुदत नावाप्रमाणेच २०२१ची. पुढच्या आराखड्यात नदीची पूररेषा आणि ओढ्यांचे मार्ग आधी आखले जावेत आणि रस्ते, प्लॉट त्यानंतर, ही माझी मागणी आहे. छत्र्यांच्या घाटाला पायऱ्या आहेत. पाण्यापर्यंत उतरता यावं म्हणूनच कोणीतरी त्या बांधल्या होत्या.