बोआक: डोंगरामागच्या खाणीने बदललेलं जिल्ह्याचं गाव

फिलिपिन्समध्ये लुझॉन या मुख्य बेटाच्या दक्षिणेला, बोंदोक द्वीपकल्प आणि मिंदोरो यांच्या मधल्या समुद्रात मारिन्दुके नावाचं जेमतेम साडेनऊशे चौरस किलोमीटरचं बेट आहे. हे बेट म्हणजेच एक प्रांत. त्यात सहा नगरपालिका आणि बोआक ही राजधानी. राजधानी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं तसं शहर मात्र हे नाही. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साठ हजाराच्या आतच होती, आणि तीही साठेक बारंगायांत, म्हणजे वाड्यावस्त्यांत विखुरलेली.

इथे यायचं तर लुसेनाहून बोटीने तीनेक तास लागतात. बोट लागते ती बालानाकानला, म्हणजे शेजारच्या मोगपोगच्या हद्दीत. विमानाची धावपट्टी दक्षिणेकडे गासानला. बोआकच्या वाट्याला आली ती नदी. पूर्वेच्या डोंगरातून उतरणारी ही नदी गावाचे दोन भाग करून पश्चिमेला समुद्राला मिळते. मूळ गाव किनाऱ्यावर नाही, मुखापासून थोडं आत आहे. त्यालाही कारण होतं. स्पॅनिश काळात दक्षिणेकडून येणारे मोरो, म्हणजे तिथले मुस्लिम, हल्लेखोर किनाऱ्यावरची गावं लुटत आणि माणसं गुलाम म्हणून पळवून नेत. म्हणून बोआकचं चर्च टेकडीवर बांधलं गेलं, जाड दगडी भिंतींचं. एरवी प्रार्थना आणि धोक्याच्या वेळी आसरा, असा त्याचा दुहेरी उपयोग. टेकडीखाली चौक, सरकारी इमारती आणि खाली दगड-वर लाकूड अशा बांधणीची घरं आली. त्यातल्या काहींच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या अजून आहेत. गोव्यात जुनी घरं पाहिलेल्यांना या खिडक्यांची ओळख करून द्यायला नको.

बेटाचा कारभार कुठून चालायचा, हे बेटावर क्वचितच ठरलं. स्पॅनिश काळात ते आधी बालायान प्रांताखाली होतं, नंतर मिंदोरोखाली. अमेरिकन आले, मे १९०१ मध्ये स्वतंत्र प्रांत झाला. जून १९०२ मध्ये मिंदोरो मारिन्दुकेला जोडला आणि नोव्हेंबरात मारिन्दुकेच उचलून लुझॉनवरच्या तायाबासला जोडला! एका वर्षात वरचढ आणि अंकित दोन्ही होऊन झालं. कायमचा वेगळा प्रांत झाला तो २१ फेब्रुवारी १९२० रोजी.

त्याआधी अमेरिकनांविरुद्धच्या युद्धात मात्र हे बेट मुकाट बसलं नव्हतं. ३१ जुलै १९०० रोजी बोआकच्या हद्दीतल्या पाये इथे फिलिपिनो सैनिकांनी अमेरिकन तुकडीला गाठलं. दीड महिन्याने, १३ सप्टेंबरला, तोरिहोसजवळ पुलांग लुपा इथे फिलिपिनो सेनानी माक्सिमो आबादच्या माणसांनी कॅप्टन डेव्हेरू शील्ड्ससह पन्नासावर शिपायांची अख्खी तुकडीच निकालात काढली. कोणी मारले गेले, उरलेले पकडले गेले. त्याची किंमत गावकऱ्यांनी मोजली. पंधरा वर्षांवरचा प्रत्येक पुरुष शत्रू धरावा, असा हुकूम घेऊन जादा फौज आली. लोकांना पहाऱ्यातल्या वस्त्यांत कोंडलं, बाहेरची घरं आणि धान्य जाळलं. एप्रिल १९०१ मध्ये आबाद शरण आला. बेटावर या लढ्याचा अभिमान आजही आहे. कोंडून ठेवलेल्या लोकांबद्दल त्या मानाने कमी बोललं जातं, आणि मला वाटतं इतिहास तिथेच जास्त आहे.

नंतरची पन्नास-साठ वर्षं नारळ, भात आणि मासळी यांवर गेली. मग तांबं आलं.

मार्कॉपर कंपनीची खाण १९६९ मध्ये सुरू झाली. खाण बोआकमध्ये नव्हतीच. ती पलीकडच्या सांता क्रूझच्या हद्दीत, तापियान डोंगरात. कॅनडाच्या प्लेसर डोमकडे ३९.९ टक्के भाग होता आणि उरलेल्यातला मोठा हिस्सा हुकूमशहा मार्कोसच्या ताब्यातल्या कंपन्यांकडे, हे पुढे उघड झालं. तांब्याच्या खनिजात तांबं असतं अगदी थोडं. बाकी सगळा दगड दळून, धातू वेगळा काढून, उरलेला गाळ कुठेतरी टाकावा लागतो. १९७५ ते १९९१ या काळात तो उत्तरेच्या कालांकानच्या उपसागरात सोडला गेला, सुमारे २० कोटी टन. पाण्याच्या पृष्ठभागावर सोडलेल्या त्या गाळाची समुद्रात आत शिरणारी लांबच लांब पट्टी तयार झाली. मच्छिमारांच्या तक्रारींना हुकूमशाहीत दाद मिळणं शक्यच नव्हतं. डिसेंबर १९९३ मध्ये मागिला-गिला इथला गाळ अडवणारा बांध फुटला आणि मोगपोग नदीला पूर आला. त्यात दोन मुलं दगावली.

समुद्रात टाकणं थांबल्यावर गाळासाठी जागा निघाली ती जुन्या तापियान खाणीचाच प्रचंड खड्डा. त्याच्या तळाकडून पाणी काढण्यासाठी पूर्वी खणलेला बोगदा डोंगराच्या पश्चिम बाजूला, माकुलापनित नदीकडे निघत होता. खड्डा भरायच्या आधी बोगद्याचं तोंड काँक्रीटच्या बुचाने बंद केलं, एवढंच. २४ मार्च १९९६ रोजी ते बूच निकामी झालं. माकुलापनित ही बोआक नदीची उपनदी. खाण एका नगरपालिकेची, गाळ दुसरीच्या नदीत, असं झालं ते या एका बोगद्यापायी.

काही दिवसांत सोळा लाख घनमीटर गाळ खाली आला आणि समुद्रापर्यंतचं २६-२७ किलोमीटरचं पात्र राखाडी झालं. हिनापुलानसारख्या काठावरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, शेकडो कुटुंबांना घर सोडावं लागलं. मासे, कोळंबी, कपडे धुणं, म्हशी डुंबवणं, सगळं एकाच आठवड्यात बंद झालं. सरकारने नदी मृत झाल्याचं जाहीर केलं. खाण बंद पडली ती कायमची, आणि तिच्याबरोबर बेटावरचा सगळ्यात मोठा पगारही गेला.

आज बोआक चालतं ते सरकारी कचेऱ्या, शाळा-महाविद्यालयं, खोबरं आणि बाहेरगावी गेलेल्यांच्या पैशावर. जोडीला आरारूट. त्याला इथे उरारो म्हणतात. कंद किसून पाण्यात कालवतात, चोथा गाळून पाणी निवळत ठेवतात, तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व उन्हात वाळवतात. त्याची बिस्किटं तोंडात टाकली की पीठ होऊन विरघळतात, आणि बेटावरून निघालेल्या प्रत्येक पिशवीत त्यांचं एक पाकीट असतंच.

पर्यटक येतात ते ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, मोरियोनेस पाहायला. रोमन शिपायाचं शिरस्त्राण आणि लाकडी मुखवटा घालून नवस बोललेले लोक आठवडाभर उन्हात रस्त्यांवर फिरतात. एका डोळ्याने अधू असलेल्या लाँगिनस या शिपायाला ख्रिस्ताच्या रक्ताने दृष्टी आली, तो ख्रिस्ती झाला आणि त्यासाठी त्याचा शिरच्छेद झाला, ही ती कथा. लाँगिनसचा पाठलाग, त्याचं निसटणं आणि शेवटी मुंडकं उडवणं, सगळं प्रत्यक्ष होतं. ही प्रथा १८०७ मध्ये मोगपोगच्या एका पाद्र्याने सुरू केली असं सांगतात. मुखवटे आता कागदाच्या लगद्याचेही निघतात. उन्हात हलके पडतात ते.

नदीचा हिशेब मात्र कोर्टातच रेंगाळला. प्लेसर डोमने १९९७ मध्ये अंग काढून घेतलं आणि २००६ मध्ये ती बॅरिक गोल्डमध्ये विलीन झाली. प्रांताने २००५ मध्ये प्लेसर डोमवर अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात दावा लावला. मध्यंतरी तडजोडीचे दोन कोटी डॉलर देऊ केले गेले, ते प्रांताने नाकारले. २०१५ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा खटला नेवाडात चालण्याजोगा नाही असं म्हणत तो फेटाळण्याचा खालच्या कोर्टाचा निकाल कायम ठेवला. मोगपोगच्या १९९३ च्या पुराबद्दल काही रहिवाशांनी २००१ मध्ये केलेल्या दाव्यात बोआकच्या कोर्टाने मे २०२२ मध्ये मार्कॉपरला भरपाई द्यायला सांगितलं. तोवर खाण बंद होऊन २६ वर्षं झाली होती.