फळीला झोळ आलाय? आधी रॅक रिकामा करा

“मधोमध एक पट्टी ठोकून द्या, दहा मिनिटांचं काम आहे,” असा फोन आम्हाला सारखा येतो. काम खरंच फार नसतं. पण आमचा माणूस पोचतो तेव्हा रॅक गच्च भरलेला असतो आणि निम्मा वेळ सामान उतरवण्यातच जातो. भरलेल्या रॅकला आम्ही हात लावत नाही याचा काहींना रागही येतो, म्हणून कारण सांगतो.

घरी जोडायच्या रॅकची फळी बहुधा पार्टिकल बोर्डची, म्हणजे गोंद घालून दाबलेल्या लाकडाच्या चुऱ्याची असते. ओझ्याखाली ती हळूहळू वाकत जाते, आणि महिनोन्‌महिने तशी राहिली की वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. वजनाचा अंदाज तर भल्याभल्यांचा चुकतो. ८० जीएसएमच्या ए-फोर कागदाचं ५०० पानांचं एक रीम अडीच किलो भरतं. बारा रीम ठेवले की झाले ३० किलो, आणि कप्पा दिसतो अर्धाच भरलेला.

आता अशा वाकलेल्या फळीला खालून सरळ पट्टी लावून बघा. ती मधे टेकते, टोकांना फट राहते. फट मिटवायला स्क्रू आवळत गेलं की एक तर पट्टीही वाकते, नाहीतर चुऱ्यातली पकड सुटून स्क्रू नुसताच फिरत राहतो. त्या भोकात मग दुसरा स्क्रूही नीट धरत नाही. घरच्या घरी हे करून झाल्यावर आमच्याकडे आलेल्या फळ्या आम्ही सहसा दुरुस्त करत नाही, नवीन घ्यायला सांगतो. माल खपवायला सांगतो असं वाटेल, पण त्या भोकांची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

रॅक रिकामा असला की फळी बाहेर काढता येते. दोन्ही अंगांना सारखा सनमायका असेल तर आम्ही ती उलटी करतो, पोट वर घेतो आणि आता खाली आलेल्या अंगाला, समोरच्या कडेलगत पट्टी लावतो. पुढे वजन पडलं की तेच पोट पट्टीवर दबतं. पट्टी उभी लावायची. ४० बाय २० मिलिमीटरची पट्टी आडवी लावण्यापेक्षा उभी लावली की चौपट ताठ राहते. स्क्रूआधी बारीक ड्रिल मारायचं, आणि स्क्रूची लांबी मोजून घ्यायची. फळीतून वर डोकावणारी टोकं आम्ही पुष्कळ पाहिलीत.

पट्टीने फळी ताठ होते, पण सगळा भार अजून फळी ज्यांवर टेकते त्या चार खुंट्यांवरच असतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या आत, फळीखाली एकेक आडवी पट्टी मारून घ्या. ओझं फारच असेल तर मधे उभा आधार द्या. आधारांमधलं अंतर निम्मं झालं की मधोमध ठेवलेल्या तेवढ्याच वजनाने येणारा झोळ आठव्या हिश्श्यावर येतो. मात्र हा आधार प्रत्येक कप्प्यात एका ओळीत, थेट जमिनीपर्यंत हवा. नाहीतर वरचं ओझं खालच्या फळीच्या पोटात जातं.

मागचा पातळ बोर्ड शोभेचा नाही. तो काढून टाकला की रॅक गुण्यात, म्हणजे काटकोनात राहत नाही, तिरका होतो. रॅकचे दोन्ही कर्ण सारखे भरले की मगच या बोर्डाला खिळे मारा. वरच्या टोकाला भिंतीत एल पट्टी लागतेच, घरात लहान मूल असो वा नसो, आणि तिचा स्क्रू गिलाव्यापलीकडे विटेत गेला पाहिजे.

पट्ट्या आम्ही मापात कापून, भोकं पाडून, योग्य लांबीच्या स्क्रूंसकट देतो. फोनवर मात्र आतलं माप सांगा. बाहेरून ९०० मिलिमीटरचा रॅक १८ मिलिमीटरच्या दोन बाजू वजा जाता आतून ८६४ च भरतो, आणि ९०० च्या पट्ट्या परत आणणारे दर आठवड्याला एक-दोघं असतातच.