बिबट्या उचलून नेला, पुढे काय?

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्याने माणूस मारला की पहिली मागणी ठरलेली: पिंजरे लावा, बिबटे धरा आणि लांब कुठेतरी नेऊन सोडा. २०२५ च्या उत्तरार्धात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात लागोपाठ बळी गेले, लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, तेव्हाही तेच झालं. ज्याच्या घरातलं पोर गेलं त्याने दुसरं काय मागावं? पण ही मागणी याच भागात एकदा अमलात आणून झालेली आहे आणि तिचा परिणाम कागदावर नोंदलेलाही आहे. ती नोंद मांडणाऱ्या वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय यांची पुढची सगळी संशोधनाची वाट त्या एका अनुभवातून निघाली.

जुन्नरच्या डोंगरात बिबट्या पूर्वीपासूनचा. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाचं पाणी शिवारात आलं आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. आत गारवा, आडोसा, माणसाची वर्दळ जवळपास नाही, आणि बाहेर पडलं की वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. माद्या तिथेच विऊ लागल्या. तोड सुरू झाली की उसाच्या फडात पिल्लं सापडतात, याचं आता कुणाला नवलही वाटत नाही.

फेब्रुवारी २००१ पासून वनखात्याने इथले बिबटे धरून जंगलात सोडायचा सपाटा लावला. धरलेल्या बहुतेकांनी माणसाला नखही लावलेलं नव्हतं. दिसले म्हणून पिंजरा लागला, पिंजरा लागला म्हणून अडकले. सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात त्यांना सोडण्यात आलं. १९९३ ते २००१ या काळात या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते वर्षाला १७ वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं, म्हणजे थेट दुप्पट.

अत्रेय याच काळात इथे काम करू लागल्या. पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे यांच्यासोबत त्यांनी पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली. तोवर पिंजऱ्यात आलेला बिबट्या पहिल्यांदा आलाय की तिसऱ्यांदा, हे सांगायची सोय नव्हती. नरभक्षक धरला असं जाहीर व्हायचं, पण तो नेमका तोच कशावरून, याचं उत्तर कुणाकडे नसायचं. चिपमुळे निदान एकेका जनावराचा माग ठेवता येऊ लागला.

हल्ले का वाढले असावेत? बिबट्या आपल्या हद्दीत कुठे पाणी आहे, कुठल्या वस्तीवर कधी सामसूम होते, हे ओळखून असतो. त्याला पिंजऱ्यात कोंडून, माणसांच्या गराड्यात ठेवून, अनोळखी रानात सोडलं की तो परतीची वाट धरतो आणि वाटेत गावंच गावं लागतात. इकडे त्याची हद्द मोकळी राहत नाही. दुसरा येऊन बसतो. जुन्नरचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मानव-बिबट्या संघर्षाबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच वर्षी आली आणि त्यांनी सरसकट पकडून सोडण्याला विरोध केला.

मग अत्रेय यांनी विषय थोडा फिरवला, आणि मला त्यांच्या कामातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. हल्ले जिथे होतात तिथे सगळेच बघतात. जिथे बिबटे आहेत पण हल्ले नाहीत तिथे काय चाललंय? त्यासाठी त्यांनी नगर जिल्ह्यातला अकोले तालुका निवडला. तेव्हा वन्यजीव संशोधन म्हणजे अभयारण्य किंवा व्याघ्रप्रकल्प, हे बहुतेकांनी गृहीत धरलेलं होतं. शेतात मोजणी करायची म्हणजे बांधावर, पायवाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे लावायचे, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात आणि ओळख पटवायची तर दोन्ही बाजू लागतात.

२००८ च्या त्या मोजणीत १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ बिबटे आणि तितकेच तरस निघाले. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहणारा, उसाने आणि भाजीपाल्याने भरलेला हा मुलूख. अभ्यासाच्या काळात बिबट्याने इथे माणूस मारला नाही. विष्ठेतले केस तपासून खाणंही काढलं. वजनाच्या हिशोबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच, कारण शेळी रात्री आत बांधली जाते आणि कुत्रं बाहेरच असतं.

रेडिओ कॉलरचं काम नॉर्वेच्या संशोधकांबरोबर झालं. त्यातला ‘आजोबा’ सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्यावर सिनेमाही निघाला. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून काढलेल्या या नराला कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं, तर तो मजल दरमजल करत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाखाली तो मेला. ओळख पटली ती चिपमुळेच. त्याच वर्षी उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने मुंबईत बिबट्यांविषयी लोकांशी बोलण्याची मोहीम सुरू झाली होती. अत्रेय तीतही होत्या. मणिपाल विद्यापीठातली त्यांची पीएचडीही याच विषयावरची.

या संशोधनावर गावाकडे रागही आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अकोल्यात माणसं मेली नाहीत हे शिरूरच्या बापाला सांगून काय उपयोग? २००८ च्या अकोल्याचे आकडे आजच्या जुन्नरला जसेच्या तसे लावताही येणार नाहीत. पण उलट बाजूने, पकडून सोडण्याचे आकडे तर खुद्द जुन्नरचेच आहेत, आणि सभांमधून त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. पकडलेले बिबटे सोडायचे नाहीत म्हटलं तर ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. जुन्नरजवळच्या माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र काही अमर्याद नाही. म्हणून आता माद्यांच्या नसबंदीची चर्चा आहे.

या सगळ्यात शेतकऱ्यांची एक मागणी मात्र मागे पडते. कृषिपंपाला थ्री फेज वीज अनेकदा रात्री मिळते, म्हणून माणूस बॅटरी घेऊन काळोखात उसाला पाणी द्यायला जातो, दारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला वाकतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला सावजासारखा दिसू शकतो. वीज दिवसा द्या, असं या पट्ट्यातले लोक वर्षानुवर्षं सांगत आहेत. ती मागणी वनखात्याकडे नाही, वीज कंपनीकडे आहे.