औंध की मॉडेल कॉलनी? दोन्ही ‘विद्यापीठाजवळ’, पण पायी जायचं तर फरक मोठा

पुण्यात नोकरी करता करता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमए किंवा पीएचडी करायची असेल, तर घर शोधताना दोन नावं हमखास पुढे येतात: औंध आणि मॉडेल कॉलनी. जाहिरातीत दोन्हीकडे ‘विद्यापीठाजवळ’ लिहिलेलं असतं. दोन्हीकडे झाडी आहे, भाडं दोन्हीकडे चढंच. त्यामुळे ‘गाडी घ्यायची नाही, चालतच सगळं करायचं’ असं ठरवलेला माणूससुद्धा दोन्ही एकाच मापाने मोजतो. माझ्या मते इथेच फसगत होते. औंधमध्ये चालायला छान वाटतं. मॉडेल कॉलनीतून चालत पोहोचता येतं. रोजच्या आयुष्यात या दोन गोष्टींत फार अंतर पडतं.

औंधला कमी लेखायचं काहीच कारण नाही. स्मार्ट सिटीच्या कामात परिहार चौकाजवळच्या डीपी रस्त्याचे पदपथ चांगले ऐसपैस केले गेले. पुण्यात दोन माणसं शेजारी शेजारी गप्पा मारत चालू शकतील असे रस्ते थोडेच, त्यांतला हा एक. किराणा, औषधं, भाजी, दवाखाना सगळं पायाशी. आईवडील सोबत राहणार असतील, तर त्यांचा दिवस औंधमध्ये जास्त सुखाचा जाईल, हे मी बिनदिक्कत सांगेन.

पण विद्यापीठाकडे निघालात की चित्र बदलतं. परिहार चौकापासून विद्यापीठ चौक तीन किलोमीटरांहून थोडा जास्त आहे, आणि ब्रेमेन चौक मागे पडला की वस्तीच संपते. एका बाजूला विद्यापीठाची हद्द, दुसऱ्या बाजूला राजभवनाची. लांबच लांब कुंपण, वर दाट झाडं, शेजारून वेगाने जाणारी वाहनं. वाटेत ना चहाची टपरी, ना झेरॉक्सचं दुकान, ना उघडी खिडकी. सकाळी आठला इथून जाताना प्रसन्न वाटेल. ग्रंथालयातून रात्री साडेआठला एकटीने परतणाऱ्या मुलीला मात्र हा रस्ता खायला उठतो, आणि मग रोज रिक्षा होते. महिनाअखेरीस रिक्षाचा हिशेब मांडला की औंधचं घर जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा बरंच महाग पडलेलं असतं.

मॉडेल कॉलनीतल्या दीप बंगला चौकातून विद्यापीठ चौक दोन किलोमीटरांच्या आत आहे. साधारण चालीने किलोमीटरला बारा मिनिटं धरा, म्हणजे चोवीस मिनिटांच्या आत तुम्ही पोहोचता. पदपथ औंधइतके चांगले नाहीत, हे खरंच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. इथे मध्येच झाडाचा बुंधा येतो, पुढे विजेचा डबा, त्याला खेटून लावलेल्या दुचाकी, आणि उरलेल्या फटीतून एकच माणूस जेमतेम निघतो. तरीही सेनापती बापट रस्त्याच्या वाटेने गेलात तर वाटभर माणसं असतात, दुकानं उघडी असतात, चतुःशृंगीला येणारे-जाणारे असतात. (नवरात्रात देवीच्या यात्रेचे दिवस सोडा. तेव्हा त्या पदपथावर पाय ठेवायला जागा नसते.) पायी चालणाऱ्याला रुंद फरशीपेक्षा ही जाग जास्त उपयोगी पडते असं मला वाटतं.

अंतर मोजताना दोन गोष्टी नकाशात नीट दिसत नाहीत. पहिली, विद्यापीठ म्हणजे एक इमारत नव्हे. परिसर ४११ एकरांचा आहे, आणि मुख्य दारातून आत शिरल्यावर आपला विभाग आणखी किलोमीटरभर आत असू शकतो. आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत काम करणाऱ्याचा हिशेब आणि दाराजवळच्या विभागात शिकणाऱ्याचा हिशेब एक होऊच शकत नाही. दुसरी, विद्यापीठ चौक ओलांडणं. गणेशखिंड, औंध, बाणेर आणि पाषाणकडची वाहनं तिथे एकत्र येतात. जुना उड्डाणपूल २०२० साली पाडून मेट्रोसह दुमजली पुलाचं काम काढलं गेलं. ते सगळं वाहनांच्या सोयीचं. पायी माणसाला तो चौक आजही धीर धरूनच ओलांडावा लागतो.

आता नोकरीचं. ऑफिस सेनापती बापट रस्त्यावर किंवा शिवाजीनगरात असेल तर फार विचार करू नका, मॉडेल कॉलनीच घ्या. घर, ऑफिस, विद्यापीठ असा त्रिकोण पायी पुरा होतो, आणि फर्ग्युसन रस्ताही हाताशी राहतो. ऑफिस औंधच्या आयटीआय रस्त्यावर असेल तर औंध बरं. तिथे विद्यापीठासाठी सायकल किंवा पीएमपीची बस धरायची हे आधीच मान्य करून टाका.

हिंजवडीवाल्यांचं काय? तिथे कोणीच चालत जाणार नाही, म्हणून त्यांनी घरापासून मेट्रो स्थानकापर्यंतचं चालणं मोजावं. हिंजवडी–शिवाजीनगर ही २३ स्थानकांची मार्गिका बाणेर रस्त्याने विद्यापीठ चौकात येते आणि गणेशखिंड रस्त्याने पुढे जाते. औंध गावठाण किंवा परिहार चौक तिच्या वाटेवर नाही. उलट विद्यापीठ, रिझर्व्ह बँक आणि कृषी महाविद्यालय ही स्थानकं गणेशखिंड रस्त्यावरच आहेत, आणि मॉडेल कॉलनी त्या रस्त्याला लागूनच.

आणखी एक खबरदारी: ‘औंध रोड’ अशी जाहिरात दिसली तर पत्ता नीट विचारा. औंध रोड म्हणून ओळखली जाणारी वस्ती खडकी-बोपोडीच्या बाजूला आहे, ती औंध नव्हे.

मॉडेल कॉलनीचं भाडं झेपत नसेल तर लगेच औंधकडे वळू नका. आधी गोखलेनगर आणि जनवाडी बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर बेघर झालेल्या पूरग्रस्तांना या भागात घरं मिळाली. छोटी घरं, अरुंद गल्ल्या, दारातच दुकान अशी ही वस्ती आहे. गाडी लावायला जागा नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण ज्याच्याकडे गाडीच नाही त्याचं काय बिघडतं? डबा देणाऱ्या मावशी दोन गल्ल्यांत मिळतात, सेनापती बापट रस्ता जवळ, आणि विद्यापीठाची वाट मॉडेल कॉलनीइतकीच सरळ. खोली लहान असेल, उजेड कमी असेल, तेवढं दुपारी जाऊन स्वतः बघून घ्या. आणि टोकन देण्याआधी एका कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर विभागाच्या दारापासून त्या खोलीपर्यंत पाठीवर बॅग घेऊन चालत या, जमल्यास पावसात.