घरगुती बॉयलर आणि रेडिएटर हीटिंग

थंड प्रदेशात अख्खं घर गरम ठेवायची ही सगळ्यात रुळलेली पद्धत. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाइपातून फिरवतो, प्रत्येक खोलीतला रेडिएटर त्यातली उष्णता खोलीला देतो आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. रेडिएटरचा शोध सहसा सेंट पीटर्सबर्गच्या फ्रांझ सान-गल्लीच्या नावावर, १८५५ च्या आसपासचा सांगतात. आजकाल हे चक्र बहुतेक बंदिस्त असतं, म्हणजे तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं, नळाला येणाऱ्या पाण्याशी ते मिसळत नाही. हे एकदा लक्षात घेतलं की बऱ्याच तक्रारी आपोआप उलगडतात, कारण लोक बॉयलरच्या नावाने बोटं मोडतात आणि खोट निघते या फिरत्या पाण्यात.

तपासणी हाताने सुरू होते. रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करायचं, रेडिएटर निवू द्यायचा, खाली फडकं धरायचं आणि वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीने अर्धा आटा सैल करायचा (पूर्ण काढायचा नाही, नाहीतर भिंत काळ्या पाण्याने रंगते), फुस्स आवाज थांबून पाणी आलं की लगेच आवळायचा. नंतर बॉयलरचं प्रेशर बघायला विसरू नका, हवा गेली की ते थोडं उतरतंच. एकाच रेडिएटरमध्ये परत परत हवा भरत असेल तर दरवेळी ती बाहेरची हवाच असेल असं नाही, आतलं लोखंड गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तो पेटतो, म्हणून हवा काढताना जवळ काडी-लायटर नको.

उलट, वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गाळ बसलाय. हा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचं काळं ऑक्साइड, आणि तो चुंबकाला चिकटतो म्हणूनच परतीच्या पाइपवर चुंबकवाला फिल्टर बसवतात. उपाय म्हणजे सिस्टिम धुऊन काढणं आणि नव्या पाण्यात गंजरोधक रसायन घालणं. गंमत अशी की प्रेशर उतरलं म्हणून जो माणूस दर आठवड्याला नवं पाणी भरतो तो त्यासोबत ताजा ऑक्सिजनही आत सोडतो, म्हणजे गंज स्वतःच पोसतो.

एकच रेडिएटर पूर्ण थंड असेल तर आधी त्याच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं (खोली पुरेशी गरम झाली की पाणी आपोआप अडवणारा) डोकं काढून बघा, खालची पिन बोटाने दाबल्यावर खाली जाऊन परत वर यायला पाहिजे. उन्हाळाभर बंद राहून ती अडकते, हळूच दाबून सोडवता येते, पक्कडीने उपटायची मात्र नाही. बॉयलरजवळचे रेडिएटर कढत आणि लांबचे जेमतेम कोमट असतील तर कुठलाच पार्ट बदलायची गरज नसते, जवळचे रेडिएटर सगळं पाणी ओढून घेत असतात, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह थोडा आवळून पाणी पुढे ढकलायचं, याला बॅलन्सिंग म्हणतात.

प्रेशर थंड असताना साधारण १ ते १.५ बार (दाबाचं एकक) ठेवतात. काटा तापल्यावर ३ कडे पळत असेल आणि गार झाल्यावर शून्यावर येत असेल, तर गळती शोधत फरशा उकरण्याआधी एक्स्पान्शन टाकी तपासून घ्या. तिच्यात रबरी पडद्यामागे हवा असते, ती गेली की तापून फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला ते बाहेर सोडून देतो. बॉयलर किटलीसारखा घुमत असेल तर उष्णता देणाऱ्या भागात क्षार नाहीतर गाळ साचलेला असतो. कडाक्याच्या थंडीत अचानक बंद पडून गुडगुडत असेल तर बाहेरचा कंडेन्सेटचा पाइप (धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा) गोठला असण्याची शक्यता जास्त, त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही.

घरच्या घरी करायचं ते एवढंच, गॅसचं काम आणि बॉयलरचं कव्हर परवानाधारक माणसासाठी सोडा. निळी असायला हवी ती ज्योत पिवळी आणि लुळी दिसली, काजळी धरली किंवा घरात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं तर ते कार्बन मोनॉक्साइड असू शकतं. बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर आणि मग फोन. या वायूला वास नसतो, म्हणून अलार्म हवाच.

नवा घेताना लोक किलोवॅटचा आकडा बघून भुलतात. कॉम्बी बॉयलरचे (टाकीशिवाय नळाचं पाणीही लागेल तसं तापवणारा) २४ किंवा ३० किलोवॅट हे मुख्यतः नळाच्या गरम पाण्यासाठी असतात: २४ किलोवॅटमध्ये मिनिटाला साधारण १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापतं, म्हणजे एक शॉवर नीट चालतो, दोन एकदम चालू केले की कुरकुर सुरू. दोन-तीन बाथरूम असतील तर टाकीवाली सिस्टिम बरी, फक्त लीजिओनेला जंतू मारायला टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापवावं लागतं. खोल्या गरम करायला मात्र पुष्कळदा १० किलोवॅटही लागत नाहीत. म्हणून खोलीवार उष्णतेची गळती मोजून घ्यावी आणि बॉयलर किती कमी किलोवॅटपर्यंत उतरून चालतो हे विचारावं, नाहीतर तो दर काही मिनिटांनी पेटत-विझत राहतो, गॅसही खातो आणि झिजतोही.

कंडेन्सिंग बॉयलरचा फायदा धुरातली वाफ द्रव होताना जी उष्णता देते त्यातून येतो, आणि गॅसच्या बाबतीत ते परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच होतं. बॉयलर ८० वर ठेवला तर परतीचं पाणीही गरमच येतं आणि महागाचा बॉयलर साध्यासारखा चालतो. पाणी कमी गरम ठेवायचं तर रेडिएटर मोठे लागतात. रेडिएटरचे आकडे पाणी आणि खोली यांच्यात ५० अंशांचा फरक धरून दिलेले असतात, तो फरक ३० वर आला की रेडिएटर जवळपास निम्मीच उष्णता देतो. पुढे हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र, ते कमी गरम पाण्यावरच नीट चालतं) बसवायचा विचार असेल तर हा हिशोब आत्ताच करून ठेवा. आणि ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, तो मधेच बंद झाला तर थर्मोस्टॅटला खोली कधीच पुरेशी गरम वाटत नाही आणि बॉयलर चालूच राहतो.