मूत्र-असंयम : कारणे आणि निदान

इच्छा नसताना लघवी सुटणे याला मूत्र-असंयम म्हणतात. हा स्वतंत्र आजार नव्हे, ते एक लक्षण आहे. वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते. पण म्हणून ‘वय झाले, चालायचेच’ असे समजून गप्प बसू नये. लाजेपोटी अनेक जण वर्षानुवर्षे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि सहज दूर होणारे कारणही तसेच राहून जाते.

मूत्राशय भरत असताना त्याच्या भिंतीतला स्नायू सैल असतो आणि मूत्रमार्ग आवळून धरणारे स्नायू घट्ट असतात. साधारण १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. लघवी करताना क्रम उलटतो : भिंत आकुंचन पावते, मार्ग सैल होतो. मेंदू, मज्जारज्जू आणि चेतातंतू मिळून हे सांभाळतात. यांपैकी काहीही बिघडले तरी कपडे सारखेच ओले होतात, आणि निदानातली खरी अडचण हीच आहे.

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा वजन उचलताना थोडी लघवी सुटत असेल तर मूत्रमार्गाचा आधार कमकुवत झालेला असतो. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर आलेला ताण, लठ्ठपणा, जुनाट खोकला ही त्याची कारणे. पुरुषांत हे बहुधा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर दिसते. याउलट, अचानक जोराची लागून शौचालयापर्यंत पोचेतो लघवी सुटत असेल, तर मूत्राशय अवेळी आकुंचन पावत असते. पक्षाघात, पार्किन्सन, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांत असे होते. पुष्कळदा मात्र कारण सापडत नाही. स्त्रियांत हे दोन्ही प्रकार एकत्रही आढळतात.

तिसरा प्रकार फसवा आहे. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे वाट अडली किंवा मधुमेहाने चेतातंतू निकामी झाले, की मूत्राशय रिकामे होत नाही आणि भरून वाहू लागते. रुग्ण सांगतो ‘सारखी गळते’, प्रत्यक्षात लघवी तुंबलेली असते. इथे मूत्राशय शिथिल करणारे औषध दिले तर तुंबणे वाढते. काहींचे मूत्राशय ठीक असते, पण गुडघेदुखीमुळे वेळेत उठता येत नाही. दिवसरात्र सतत गळत असेल तर फिस्टुलाची, म्हणजे दोन अवयवांना जोडणाऱ्या छिद्राची, शंका घ्यावी. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये असे छिद्र पडू शकते.

निदानाचा मोठा भाग नीट विचारपूस करण्यात आहे : केव्हा, किती, काय करताना. तीन दिवसांची नोंदवही फार उपयोगी पडते. तिच्यात प्यायलेले पाणी, लघवीची वेळ व प्रमाण आणि गळतीचे प्रसंग लिहायचे. चालू औषधे पाहावीत, कारण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, झोपेची औषधे आणि रक्तदाबाची काही औषधे त्रास वाढवतात. बद्धकोष्ठताही विचारावी. मग पोट, योनी किंवा प्रोस्टेट आणि चेतासंस्था यांची तपासणी, भरल्या मूत्राशयाने खोकायला लावून गळती पाहणे आणि लघवीची तपासणी. लघवी केल्यावर किती उरली हे सोनोग्राफीने मोजता येते. ५० मिलिलिटरच्या आत असेल तर चिंता नाही, २०० च्या वर असेल तर तुंबण्याचे कारण शोधावे लागते. मूत्राशयातील दाब मोजणारी तपासणी सर्वांना लागत नाही. निदान अस्पष्ट असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा ती करतात.

लघवीत रक्त दिसल्यास तपासणी लांबवू नये. पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा किंवा गुद्द्वाराभोवती बधिरता येऊन लघवीवरचा ताबा एकाएकी गेला, तर मणक्याच्या तळाशी असलेल्या चेतातंतूंवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.